दोनदा ओढलेली दांडी

पाऊस संपला की आमच्या कोपरच्या घरात पहिली खबर दोरीवरच्या कपड्यांना लागते. चार महिने कुबट राहिलेला टॉवेल तासाभरात कडक होतो, आई त्याची घडी घालताना तो चुरचुरतो, आणि मग मला कळतं की ऑक्टोबर आला. खाडीकडून येणारा वारा दुपारी बंद पडतो. वाळत चाललेल्या चिखलाचा खारट वास खिडकीत येऊन बसतो. खाली मैदानात नवरात्राच्या मांडवाचे बांबू येऊन पडतात. लोकांना या दिवसांत दिवाळी जवळ आल्याचा आनंद होतो म्हणे. मला मात्र गेल्या वर्षीपासून या उकाड्यात नुसतं गोंधळायला होतं. काहीतरी आणायला आतल्या खोलीत जावं आणि कशाला आलो तेच आठवू नये, तसं.

गोंधळ आठवणींचाही आहे. गेल्या वर्षीच्या त्या पाच-सहा आठवड्यांत आधी काय झालं आणि नंतर काय, हे मी अनेकदा स्वतःला सांगून बघितलं. क्रम लागतो, अर्थ लागत नाही.

श्रावणात बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की यांना ऐकू येतंय, पण ऐकलेलं किती समजतंय ते आज सांगता येणार नाही. थांबा आणि बघा. आम्ही थांबलो आणि बघत राहिलो. पाणी देऊ का विचारलं की बाबा मान हलवायचे. पंखा बंद करू का विचारलं की तशीच मान हलवायचे. आज अमावास्या आहे का विचारलं असतं तरी तशीच हलली असती. हाताने खूण करा म्हटलं की डावा हात अर्धा उठायचा आणि कशासाठी उठलो हे विसरल्यासारखा चादरीवर परत पडायचा. समोर बसलेला माणूस आत आहे की निघून गेलाय, हेच आम्हाला कळेना. आई रोज त्यांची दाढी करायची, पेपर वाचून दाखवायची, आणि मधेच थांबून माझ्याकडे बघायची, जणू मला माहीत असणार.

मला माहीत नव्हतं. पण मला एक गोष्ट येत होती, आणि ज्याला एकच गोष्ट येते तो सगळीकडे तीच करत सुटतो. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी आहे. वजनकाटे आणि तिकिटाची यंत्रं बनवते. तिथे मी ड्रायव्हर लिहितो. लग्नकार्यात हे सांगितलं की नातेवाईक विचारात पडतात, म्हणून थोडं नीट सांगतो. संगणकाच्या आत कर्नेल नावाचा गाभा असतो. सगळा कारभार तिथून चालतो आणि बाहेरच्या कुणाला तिथे थेट प्रवेश नसतो. कळफलक असो, माऊस असो, प्रत्येकाला आपलं म्हणणं आत पोचवायला एक पुजारी लागतो. तो म्हणजे ड्रायव्हर. बाहेर बोट टेकलं की तारेतून झटका येतो, ड्रायव्हर तो झटका ओळखतो आणि आत सांगतो की अमुक कळ दाबली गेली. पुजारी चुकला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, सगळं देऊळच बंद पडतं. दोन, भक्ताचं म्हणणं देवापर्यंत पोचतच नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पहिली चूक बरी, निदान दिसते तरी.

तर मी बाबांसाठी दोन बटणांचा डबा करायचं ठरवलं. एक हो, एक नाही. मग आठवलं की बाबांच्या बोटांना बटणं नकोत, दांडी हवी.

बाबा रेल्वेत लिव्हरमन होते. कल्याणच्या पुढच्या एका सिग्नल केबिनमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. मी सात-आठ वर्षांचा असताना एका सकाळी त्यांनी मला वर नेलं होतं. लाकडी जिना, वर काचाच काचा, आणि माझ्यापेक्षा उंच लोखंडी लिव्हरांची ओळ, लाल, काळे, निळे. हातात फडकं धरून बाबा लिव्हर ओढायचे, सगळं अंग मागे टाकून. खाली कुठेतरी लांब रूळ खडखडायचे. मग ते एक क्षण थांबायचे, आणि बसलेला लिव्हर पुन्हा एकदा ओढून बघायचे. मगच हात काढायचे. मी विचारलं, दोनदा का? ते म्हणाले, "बसला असं वाटणं वेगळं, बसणं वेगळं."

ही सवय घरातही आली. दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढायचे. गॅसची कळ बंद केली की पुन्हा चाचपायचे. आई म्हणायची, ह्यांनी लग्नात मंगळसूत्रसुद्धा दोनदा ओढून बघितलं. आम्ही हसायचो, बाबाही हसायचे. म्हणजे मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. ते पुढे महत्त्वाचं ठरलं, आणि मला ते ऐनवेळी सुचलं नाही.

कल्याणच्या जुन्या बाजारात मला एक हातभर दांडी मिळाली, कुठल्याशा बंद पडलेल्या यंत्राची. ती मी एका लाकडी डब्यावर बसवली. पुढे ढकलली की हो, स्वतःकडे ओढली की नाही, सोडली की स्प्रिंगने मधे येते. डब्याच्या पोटात हातावर मावेल एवढा संगणक. त्याच्या कर्नेलला माझी दांडी ओळखीची नव्हती. अशा साध्या खटक्यांसाठी तयार ड्रायव्हर मिळतो, तो घेतला असता तर काम एका संध्याकाळचं होतं. पण बापाचा आवाज दुसऱ्याने लिहिलेल्या ड्रायव्हरमधून कशाला यावा, असं माझ्यातल्या शहाण्याला वाटलं. मी स्वतः लिहिला. पहिल्या दोन वेळा कर्नेलने लोळण घेतली, पडदा काळा. तिसऱ्या वेळी दांडी हलली आणि डबा बोलला, "हो." आवाज माझाच होता. दुसरा कुणाचा घालणार? बाबांचा आवाज आमच्याकडे कुठे साठवलेला नव्हता. फोनवर सुद्धा नाही. कित्येक वर्षं रोज ऐकला, म्हणून ठेवला नाही.

पहिल्या दिवशी सगळे जमलो. ताई कल्याणहून आली होती. आईने विचारलं, चहा घेणार? बाबांनी दांडीकडे बघितलं. त्यांचा डावा हात उठला, आणि या वेळी अर्ध्यात पडला नाही. दांडी पुढे गेली. डबा म्हणाला, "हो. हो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई हसत म्हणाली, "अरे, तुझा डबा तोतरा आहे."

मलाही तेच वाटलं. त्यात माझ्या धंद्याचा दोष आहे. धातूला धातू लागतो तेव्हा एकदाच लागत नाही. स्टीलचं ताट फरशीवर ठेवलं की शांत होण्याआधी थोडं थरथरतं, तसा आतला संपर्क थरथरतो आणि एका दाबाचे चार-पाच झटके येतात. ड्रायव्हर लिहिणारा माणूस पहिल्या दिवसापासून शिकतो की दोनदा आलं की ती थरथर. गाळून टाक. गाळायची रीत अशी, झटका आला की थोडं थांबायचं, पुन्हा आला की पुन्हा पहिल्यापासून थांबायचं, आणि सगळं शांत झाल्यावर बघायचं की दांडी कुठे आहे. जिथे असेल ते खरं. मी थांबायचा वेळ वाढवला. डबा तरी दोनदा बोलला. मी जुन्या बाजारातल्या स्प्रिंगला शिव्या घातल्या आणि वेळ आणखी वाढवला, पार सेकंदाच्या घरात नेला. मग स्वतः दांडी पुढे ढकलली, आवाज येईपर्यंत धरून ठेवली. डबा स्वच्छ एकदा म्हणाला, "हो." आईने ढकलली, तिलाही तसाच बोलला. मी खूश झालो.

त्यानंतर बाबांनी दांडी हलवली की डबा गप्प बसू लागला. नेहमी नाही. पाणी हवं का, गप्प. पंखा वाढवू का, गप्प. उन्हं आत येताहेत, पडदा लावू का, "हो." मग पुन्हा सगळी दुपार गप्प. बाबा दांडीकडे बघायचे, डब्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याचा अर्थ मी असा लावला की त्यांना काही समजत नाहीये. पहिल्या दिवशीचं हो-हो म्हणजे योगायोग. हाताला ओळखीची वस्तू मिळाली म्हणून हात हलला, आत कुणी नव्हतं. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं, तांत्रिक शब्दांत, आणि त्यांनी मान डोलावली.

तोवर ऑक्टोबर भरात आला होता. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर दुपारभर तापायचं. बाबांच्या पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला लागायची आणि दिवसा ते काम आईवर यायचं. तिची कंबर आधीच गेलेली. मदतीला ठेवलेला माणूस आठ दिवसांत सोडून गेला, दुसरा मिळेना. एकदा मी कामावरून आलो तर बाबा खाटेवरून अर्धे खाली घसरलेले, आणि त्यांच्या काखेत हात घालून आई तशीच जमिनीवर बसून राहिलेली. किती वेळ अशी बसलीस विचारलं, तर म्हणाली, झाला असेल थोडा.

म्हणून त्या रविवारी सकाळी ताईला बोलावलं. शीळफाट्याच्या पुढे अशा रुग्णांना ठेवून घेणारं एक केंद्र होतं. स्वच्छ होतं, मी बघून आलो होतो. ताई म्हणाली, निदान त्यांना विचारा तरी. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. विचारलं, "बाबा, थोडे दिवस तिकडे राहायला जायचं का?"

दांडी हलली. डबा गप्प. आम्ही वाट बघितली. मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं, तेवढाच आवाज. आई कंबरेवर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत उठली आणि दूध बघायला आत गेली. दांडी पुन्हा हलली असावी. डबा गप्पच. ताई म्हणाली, "राहू दे. कळत नाहीये त्यांना."

दसऱ्याच्या आधी आम्ही त्यांना नेऊन सोडलं. झेंडूच्या फुलांचे ढीग कल्याणच्या बाजारातून सगळ्या रस्त्यांवर सांडले होते. डबा घरीच ठेवला. नेऊन करायचं काय? केंद्राच्या मागे भाताची दोन शेतं उरली होती, कापणीला आलेली, त्यांच्या पलीकडे इमारती. बाबांची खाट खिडकीपाशी लावली. दर रविवारी मी जायचो तेव्हा ते त्या शेताकडे बघत असायचे. आता वाटतं, शेताकडे नव्हे, माझ्याकडे बघायचं नसेल म्हणून. पण हेही मला आत्ता वाटतंय, तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आईला तिकडे जाववायचं नाही. घरी बाबांची खाट झटकत ती एकच वाक्य म्हणायची, "त्यांना काही कळलं नाही, तेवढं देवाने बरं केलं." त्या वाक्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीत नव्या तिकीट यंत्राचा कळफलक आला आणि मी घरच्या डब्यासाठी लिहिलेली ती गाळणी, वेळ थोडा कमी करून, त्यात घातली. आपली कल्पना आपल्याला आवडतेच. आमच्याकडे यंत्रं तपासायला परबबाई आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, हाताखालून हजारो यंत्रं गेलीत. दुपारी यंत्र घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या, म्हणाल्या, पटकन दाबलं की घेत नाही. मी दाबून दाखवलं, घेतलं. त्यांनी दाबलं, नाही घेतलं. असं तीनदा झालं. मग त्या माझ्या बोटाकडे बघत म्हणाल्या, "अरे, तू दाबून धरतोस. माणसं दाबतात आणि सोडून देतात."

मी यंत्राकडे बघत राहिलो. दाबतात आणि सोडतात. माझ्या ड्रायव्हरने शांत होईपर्यंत थांबायचं आणि मग कळ कुठे आहे ते बघायचं. तोवर बोट उचललेलं. म्हणजे कुणी काही बोललंच नाही. आणि जर कुणी दोनदा दाबून सोडलं तर? मला एकदम फडक्यात धरलेला लिव्हर दिसला. ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा, मगच हात काढायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी स्प्रिंगला शिव्या घालत बसलो आणि बाबा मात्र एकेक उत्तर बसलंय ना याची खात्री करून देत होते. परबबाई विचारत होत्या की बरं वाटत नाहीये का. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो.

ड्रायव्हर तपासताना मी एक ओळ घातली होती आणि नंतर काढायला विसरलो होतो. गाळण्याआधीचा प्रत्येक झटका, वेळेसकट, डबा आत लिहून ठेवत होता. कधी काय विचारलं ते डॉक्टरांना दाखवायला आई वेळ घालून वहीत टिपायची, ती वही मी शेजारी उघडून ठेवली. खाटेवर बसून मी ते सगळं वाचलं. पाणी हवं का, हो हो. पंखा, नाही नाही. पडदा, पेपर, चहा. सगळी उत्तरं होती, एकूण एक दोनदा, तीसुद्धा शहाण्या माणसाची. मधेमधे काही न विचारता ओढलेली नाही-नाहीसुद्धा होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर संन्याशाला रोज दिली.

मग त्या रविवारवर आलो. तिकडे जायचं का, या प्रश्नाच्या वेळेला दोनदा नाही. त्यानंतर अडीच मिनिटं काही नाही. मग दोनदा हो.

मधल्या अडीच मिनिटांत घरात काय झालं होतं ते मला चांगलं आठवत होतं. आई कंबर धरून उठली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना घरी आणलं. ड्रायव्हर दुरुस्त केला, म्हणजे माझी सगळी हुशारी काढून टाकली. दिवसभरासाठी एक मावशी मिळाल्या, या वेळी टिकल्या. डबा आता प्रत्येक उत्तर दोनदा देतो आणि कुणी हसत नाही. आईला मी सांगितलं की ड्रायव्हरमध्ये चूक होती, पण त्या रविवारचं सांगितलं नाही. तिने तिच्या सोयीने अर्थ लावला, की केंद्रातल्या व्यायामाने फरक पडला, तेव्हा समजत नव्हतं, आता समजायला लागलं. मी दुरुस्ती केली नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच काय खरं ते कळेना. दोन उत्तरं दिली तर माणूस शेवटचं धरतो. केबिनमध्येही लिव्हर शेवटी जिथे असेल त्यावर गाडी जाते. त्या हिशेबाने बाबा राजीखुशीने गेले. पण मग पहिलं उत्तर काय होतं? सरळ विचारावं तर विचारवत नव्हतं. वर्ष गेलं असंच.

परवा शनिवारी दुपारी बाबा गॅलरीत खुर्चीत बसले होते, डबा मांडीवर. ऊन कठड्यावरून खाली उतरलं होतं. आत आई चकल्यांची भाजणी भाजत होती, उलथन्याचा सारखा आवाज येत होता. मी शेजारी बसलो आणि का कोण जाणे, विचारून टाकलं. "बाबा, गेल्या वर्षी तिकडे जायचं का विचारलं, तेव्हा तुम्ही आधी नाही म्हणालात?"

"हो. हो."

"आणि मग हो म्हणालात."

"हो. हो."

"ते नाही खरं होतं?"

"हो. हो."

"म्हणजे नंतरचं हो खोटं होतं?"

खाली मांडवाच्या बांबूवर कुणीतरी ठोकत होतं. मग दांडी बाबांनी स्वतःकडे ओढली, थांबले, पुन्हा ओढली. "नाही. नाही."

मला रडू आलं. माझाच आवाज मला सांगत होता की दोन्ही खरं होतं. दोन झटक्यांतला खरा कुठला आणि थरथर कुठली हे ठरवायचा मला पगार मिळतो, आणि इथे टाकून देण्यासारखं काहीच नव्हतं.

आतला उलथन्याचा आवाज थांबला होता, किती वेळापासून ते लक्षात आलं नाही. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती बाबांच्या समोर आली, कंबरेवर हात ठेवून थोडी वाकली, आणि विचारलं, "मी उठून आत गेले, त्यानंतर हो म्हणालात का?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग दांडीवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. डबा गप्प राहिला, आणि या वेळी त्यात माझ्या ड्रायव्हरची काही चूक नव्हती.